फियाटची उचकी

"सगळंच द्या," कालिंदी म्हणाली. "चारही प्लग, पॉईंट, कंडेन्सर, वायरी, रोटर, कॅप... जे जे बदलता येतं ते सगळं."

ऑपेरा हाऊसजवळच्या त्या चिंचोळ्या दुकानात रामजीभाईंचा चेहरा एकदम खुलला. खोकी काढायला ते शिडीवर चढलेसुद्धा, तेवढ्यात बाजूने आवाज आला —

"सगळंच कशाला?"

कालिंदीने वळून पाहिलं. उंच, सावळा, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेला तरुण. हातात एक जुना कार्बोरेटर होता आणि तो त्याने तान्हं बाळ धरावं तसा सांभाळून धरला होता.

"तुम्हाला कुणी विचारलं?"

"मला नाही विचारलं. पण गाडीला तरी विचारलंत का, काय दुखतंय ते?"

रामजीभाई शिडीवरच थांबले. एक गिऱ्हाईक दुसऱ्याला अडवतंय हे त्यांना आवडलं नव्हतं, पण गंमत मात्र बघायची होती.

"फियाट आहे," कालिंदी फणकाऱ्याने म्हणाली. "सपाटीवर छान चालते. चढ लागला की उचक्या देते."

"मग कोणीतरी आठवण काढत असेल तिची," तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला.

कालिंदीला हसू आलं. तिने ते दाबलं, पण पुरतं दाबलं गेलं नाही... आणि त्याने ते पाहिलं. झालं! तिथेच सगळं बिघडलं म्हणा, नाहीतर जुळलं म्हणा.

त्याचं नाव बुद्धभूषण. डिप्लोमा करून मोठ्या कंपनीत लागला होता. ती नोकरी सोडून त्याने करी रोडला जुन्या गाड्यांचं गॅरेज काढलं होतं. "आज फक्त प्लग घ्या," तो म्हणाला. "आणि शनिवारी गाडी घेऊन या. बाकीचं तिलाच विचारू."

गाडी कालिंदीच्या वडिलांची, अप्पांची. गुडघे क्लच दाबू देईनात म्हणून त्यांनी ती चालवणं सोडलं आणि गाडी मुगभाटातल्या वाडीत झाकून उभी राहिली. त्या जागेवर कालिंदीच्या भावाचा, अनिशचा, डोळा होता. त्याची नवी गाडी रस्त्यावर उभी राहायची आणि रोज नवा ओरखडा घेऊन यायची, त्यामुळे त्याचंही काही चुकत नव्हतं. रोजच्या कटकटीला कंटाळून शेवटी अप्पांनीच निकाल दिला. दरवर्षी दसऱ्याला ही गाडी आईला घेऊन हँगिंग गार्डनला जायची. यंदा तो चढ न थांबता चढली तर राहील. मध्येच बसली तर भंगारवाल्याला फोन करा.

अप्पांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. कालिंदी हट्टाला पेटली. ती गाडी शिकली होती याच फियाटवर, आणि पुढच्या सलग सीटची डावी बाजू अजून आईची होती. आई गेल्यापासून तिथे कुणी बसलं नव्हतं. अप्पा स्वतःसुद्धा मागे बसायचे. ती सीट भंगारात जाणार, हे काही कालिंदीला पटणारं नव्हतं.

शनिवारी भूषणने चारही जुने प्लग काढून वर्तमानपत्रावर ओळीने मांडले.

"हे बघा. डॉक्टर आधी जीभ बघतो ना? ही गाडीची जीभ." तीन प्लगांची टोकं बदामी होती. चौथं काजळासारखं काळं. "तिघं धडधाकट आहेत. उचकी या चौथ्याला लागते."

"मग सगळं बदलून टाका ना एकदाचं. माझ्याकडे वेळ नाहीये. दसरा तोंडावर आलाय."

"सगळं एकदम बदललं तर दुखत काय होतं ते कधीच कळणार नाही. शिवाय नव्या मालात एखादा पार्ट डुप्लिकेट निघाला, तर नवीन दुखणं. आपल्याकडे एकच पद्धत — एका वेळी एक पार्ट. चालवून बघायचं. मग पुढचा."

कालिंदी फोर्टातल्या एका विमा कंपनीत दावे तपासायची. समोरचा माणूस थापा मारतोय असं धरूनच तिची सकाळ सुरू व्हायची. "म्हणजे दर शनिवारी यायला लागणार?"

"हो ना," तो मान खाली घालून प्लग पुसत म्हणाला. "फार वाईट पद्धत आहे."

प्लग बदलले, उचकी कमी झाली, गेली नाही. पुढच्या शनिवारी पॉईंट. त्याच्या पुढच्या शनिवारी कंडेन्सर. पॉईंट आणि कंडेन्सरच्या मध्ये कुठेतरी 'अहो-जाहो' गळून पडलं आणि परत शोधायला कुणी गेलं नाही. तो तिला पॉईंटमधली फट मोजायला शिकवायचा, तेव्हा पातळ पट्टी धरलेली तिची बोटं सरळ ठेवायला त्याची बोटं यायची. काम झालं की तो हात लगेच काढून घ्यायचा. कालिंदीला वाटायचं, इतकं लगेच कशाला?

घरी ती नुसतं 'गॅरेजवाला' म्हणायची. अप्पांनी एकदाच विचारलं, "कुठला?"

"करी रोडचा. बुद्धभूषण नाव आहे. बीडीडी चाळीत राहतो."

अप्पांनी मान हलवली आणि पेपर वर घेतला. त्या मान हलवण्याचा अर्थ लावत कालिंदीने अख्खी रात्र काढली.

दसऱ्याच्या आधीच्या शनिवारी परतीच्या पावसाची सर आली. गॅरेजच्या पत्र्यावर ताशे वाजायला लागले. दोघं उघड्या बॉनेटला टेकून कटिंग पीत उभी होती.

"भूषण, येताना पावसात ती जास्त उचकत होती," कालिंदी म्हणाली. तिने डिस्ट्रिब्युटरची कॅप काढली होती, ज्यातून चारही प्लगांना वीज जाते ती काळी टोपी. ती उलटी करून तिने उजेडात धरली. "इथे बघ. रेघ आहे. केसाएवढी."

"कार्बन आहे तो. पुसला की जाईल." त्याने फडक्याने पुसली. "ही कॅप ओरिजिनल आहे, कालिंदी. कंपनीची! अशी आज शोधून मिळत नाही. हिला हात लावायचा नाही."

"पण ओलावा आत गेला तर —"

"मी सांगतो ना. रोटर घासून दिलाय, आता पळेल बघ." आणि मग, जरा थांबून... "विश्वास नाही का माझ्यावर?"

पावसाचं पाणी त्याच्या केसांवरून कपाळावर आलं होतं. अशा वेळी कॅपबद्दल वाद कोण घालणार? कालिंदी गप्प बसली.

गप्प बसली, पण सोमवारी ऑफिस सुटल्यावर तडक रामजीभाईंकडे गेली.

दसरा उजाडला. साडेतीन मुहूर्तांपैकी एक, म्हणून कालिंदीने पहाटेच वाडीतल्या नळाला पाईप लावून गाडीला सचैल स्नान घातलं. छत, काचा, चाकं, आणि सणाच्या उत्साहात बॉनेट उघडून आतसुद्धा. झेंडूचा हार, हळदकुंकू, नारळ. अप्पा इस्त्रीचा सदरा घालून मागच्या सीटवर बसले. अनिश दारात उभा होता. हातात फोन होता, पण चेहऱ्यावर आनंद नव्हता. गाडी त्याचीही होतीच की.

कालिंदीने किल्ली फिरवली. गाडी खोकली. थरथरली. पुन्हा फिरवली, पुन्हा, पुन्हा... आणि मग पेट्रोलचा वास सुटला आणि सगळं थंड.

"फ्लड झाली," ती पुटपुटली. "प्लग ओले झालेत. काढून पुसायला हवेत."

पाना आणायला ती घरात धावली आणि देवघरापाशी थबकली. तिने नवा घेतलेला प्लगपाना देवांपुढे पाटावर होता. त्यावर कुंकू, त्यावर झेंडूचं फूल. अप्पांनी काल खंडेनवमीलाच तो पूजेला मांडला होता.

"पूजेतलं हत्यार आज उचलायचं नाही," अप्पा गाडीतूनच ओरडले. वाडीच्या तोंडाशी दौलतमामांचं गॅरेज होतं, पण तिथेही तेच. सगळी अवजारं हार घालून बसलेली. "उद्या ये गो बाय," मामा म्हणाले. "आज पान्याक हात नाय लावचा."

आज गाडी चढ चढली नाही, तर उद्या भंगारवाला येणार होता. कालिंदीने भूषणला फोन लावला.

तो आला तेव्हा वाडीतली पोरंसोरंसुद्धा बघत राहिली. पांढराशुभ्र शर्ट, पांढरी पँट, बाईकवर मागे अवजारांची पिशवी. आज अशोक विजयादशमी. विहारातून तो तसाच निघाला होता.

अप्पांनी काच खाली केली. "आज पाना उचलणार तू? तुमच्याकडे पूजा नसते?"

"आमच्याकडे आज धम्मचक्र प्रवर्तन दिन, अप्पा. आईला परळच्या विहारात सोडूनच आलोय. अवजारं मोकळीच असतात." तो शांतपणे म्हणाला. "पण गाडी तुमची आहे. तुम्ही नको म्हणालात तर हात लावणार नाही."

  अप्पांनी त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि मग बराच वेळ पुढच्या रिकाम्या सीटकडे.

"बघत काय उभा राहिलास?" ते म्हणाले. "उचल पाना."

भूषणने प्लग काढले. चौथा चिंब ओला होता. त्याने कॅप उघडली, उजेडात धरली, आणि त्याचा चेहरा पडला. पुसलेली रेघ परत आली होती. पाण्याने भरून चांगली ठळक चमकत होती.

"तडा आहे," तो म्हणाला. सगळ्यांसमोर, स्पष्ट. "कालिंदीने मला दाखवला होता. मी ऐकलं नाही. जुनी, ओरिजिनल म्हणून जीव अडकला माझा. चूक माझी आहे, अप्पा... आणि आज एकही दुकान उघडं नसेल."

 कालिंदीने डॅशबोर्डचा कप्पा उघडला, आईच्या जुन्या रुमालाची पुरचुंडी काढली आणि त्याच्या हातावर सोडली. आत कोरी करकरीत कॅप.

तो बघतच राहिला. "म्हणजे... विश्वास नव्हता माझ्यावर."

"तुझ्यावर होता," ती म्हणाली. "कॅपवर नव्हता."

मागच्या सीटवरून खोकल्यासारखा आवाज आला. अप्पा हसत होते.

मग त्याने प्लग पुसले आणि तिने कॅप बसवली. एकेक वायर जुनीतून काढायची आणि नवीत त्याच जागी लावायची. शेवटच्या वायरीला दोघांचे हात एकदमच पोचले. या वेळी त्याने हात लगेच काढला नाही. तिने तर मुळीच नाही.

"शर्ट बघ तुझा," ती हळूच म्हणाली. पांढऱ्या छातीवर काळा पंजा उमटला होता.

"आई विचारेल. काय सांगू?"

"खरं ते सांग."

"खरं... काय आहे?"

"आधी चढ चढू दे," कालिंदी म्हणाली आणि स्टिअरिंगमागे जाऊन बसली.

पहिल्या फिरकीला इंजिन लागलं. भूषण बाजूला सरला. "मी बाईकने मागून येतो."

"मागून काय येतोस?" अप्पा करवादले. "चढावर इंजिनचा आवाज ऐकायला माणूस पुढे लागतो. बस तिथे."

"कुठे?"

"पुढे. डावीकडे."

कालिंदीचे हात स्टिअरिंगवर घट्ट झाले. अनिशने दार उघडून धरलं आणि भूषण अवघडून, काठावरच, बसला.

चौपाटी मागे पडली. वाळकेश्वरचा चढ सुरू झाला. तिने गिअर उतरवला, दात आवळले आणि पाय दाबला. समोर बस, बाजूला टॅक्सी, वळण... इंजिन एका सुरात गुणगुणत होतं. तीन बत्ती आली आणि गेली. पुढचा उभा चढ आला. "आता," भूषण कुजबुजला, "आता उचकी लागली तर इथे." 

नाही लागली.

वर झाडांच्या सावलीत गाडी उभी राहिली. अप्पा काठी टेकत कठड्यापाशी गेले, खाली चौपाटीकडे बघत पाठमोरे उभे राहिले. दरवर्षी आईबरोबर तिथेच उभे राहायचे.

गाडीत दोघंच. झेंडूचा वास, गरम इंजिनचा वास, खालून येणारा खारा वारा.

"चला," भूषण म्हणाला. "गाडी नीट झाली. आता शनिवारी यायचं काही कारण नाही..."

"उचकीचं बोलायचं होतं," कालिंदी समोर काचेकडे बघत म्हणाली. "गाडीची गेली. पण मला लागते. ऑफिसात, जेवताना, केव्हाही. पाणी पिऊन जात नाही. दाव्यात असं झालं तर मी मुळाशी जाते, म्हणून तुलाच विचारते... आठवण तूच काढतोस ना?"

तो शर्टावरचा काळा डाग अंगठ्याने पुसत बसला. तिला वाटलं, आपलं चुकलं.

"सारखी," तो म्हणाला. "ऑपेरा हाऊसपासून. कालिंदी, प्लग आणि पॉईंट एका शनिवारी बदलता आले असते ग... पण मला तू परत यायला हवी होतीस."

"माहीत होतं. म्हणून तर मी भांडले नाही." तिने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. "मला तू हवा आहेस, भूषण. घरी काय होईल ते मी बघून घेईन. हट्टाला पेटले की मी कशी असते, ते तू पाहिलंयस."

"पाहिलंय," तो हसला. "आणि त्यातच मेलो."

मागचं दार उघडलं. दोघं एकदम सरळ झाली. अप्पा बसले, सदऱ्याच्या खिशातून आपट्याची पानं काढली, एक लेकीच्या हातावर ठेवलं आणि दुसरं, क्षणभर थांबून, भूषणच्या.

"सोनं घे," ते म्हणाले. "आणि नीट मागे सरून बस रे. दाराला चिकटून बसलास तर पडशील. ती सीट चांगली ऐसपैस आहे."

 कालिंदीने गाडी चालू केली. "घरी ना, अप्पा?"

"घरी नंतर. आधी परळ. विहारात याची आई वाट बघत असेल," अप्पा म्हणाले. "त्या शर्टाचं तिला मी सांगतो."