तिच्या धाग्यांना मारलेल्या गाठी

भाचीचं एक पत्र आलं होतं आणि मी त्याला उत्तर दिलं नव्हतं.

'मामा, फोनवर तुम्ही नुसतं हूं हूं करता, म्हणून लिहिते आहे. तुमचं ते बागेचं घर रिकामंच पडलंय ना? चिमणीला घेऊन मी तिथे राहायला येते. भाजी लावीन, मामीच्या मागावर विणायला शिकेन. शाळेला सुट्टी लागली की निघू. तुमचं उत्तर नाही आलं, तर हो समजेन.'

चिमणी म्हणजे तिची लेक. अजून नीट बुटाची नाडीही बांधता येत नाही तिला.

उत्तराला दोन शब्द पुरले असते. येऊ नकोस.

ते दोन शब्द का लिहिले जात नव्हते, ते सांगतो. मी आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासली. चुका काढण्याची सवय अशी लागली आहे, की स्वतःच्या डोळ्यांवरही चटकन विश्वास बसत नाही. पण हे मी पाहिलं आहे. रात्री नाही, स्वप्नात नाही. भर दुपारी, लख्ख उन्हात, चष्मा डोळ्यांवर असताना.

निवृत्तीनंतर आम्ही दोघांनी ते घर घेतलं. कच्च्या रस्त्याच्या टोकाला. एक खोली, स्वयंपाकघर, आणि बंद केलेल्या ओसरीत हातमाग. मागे भाजीचे वाफे. विहिरीजवळ औषधी झाडांचा एक वाफा, तो आधीच्या मालकिणीने लावलेला. ती विणकरीण होती. झाडपाल्याची औषधंही द्यायची. ती वारली आणि तिच्या पुतण्याने घर सामानासकट विकलं.

मागावर तिचे राखाडी धागे तसेच होते. कापड कुणीतरी कापून नेलेलं, पण उभे धागे मागाच्या फणीत ओवलेले.

विणणाऱ्यांची एक सोपी रीत असते. फणीत शेकडो धागे नव्याने ओवण्यापेक्षा, जुन्या धाग्यांच्या टोकांना नवे धागे गाठी मारून जोडायचे आणि ओढून घ्यायचे. माझी बायको वर्गात जाऊन हे शिकली होती. निळं सूत घेऊन ती गाठी मारायला बसली.

दूधवाली दारातच थबकली.

"ताई, हे काय करताय? तिचे धागे उतरवा आधी. सगळे."

"अगं, मग पुन्हा ओवत बसू का? म्हातारी होईन मी."

"विणणारं माणूस गेलं की त्याचे धागे मागावर ठेवत नाहीत. त्यांना आपला धागा तर कुणीच जोडत नाही. आणि ही बाई... जिवंतपणी कुणाला मागाला हात लावू दिला नाही तिनं. सून पळून गेली, मुलालाही घेऊन."

ही हसली. "मला सासू नव्हती. तेवढी हौस राहिली होती, फिटेल आता."

दूधवाली हसली नाही.

गाठी मारून झाल्या त्या दुपारी वारा अजिबात नव्हता. मी घेवड्याच्या वेलाला काठी लावत होतो. ओसरीतून मागाचा आवाज येत होता.

खट... खट... खट...

एका लयीत. मला कौतुक वाटलं.

"छान हात बसला हो तुझा!" मी मोठ्याने म्हणालो.

"कुणाचा?"

आवाज माझ्या पाठीमागून आला.

ही झारी घेऊन तिथे उभी होती.

आणि ओसरीत... खट... खट...

आम्ही आत गेलो. बाकावर कुणी नव्हतं. पण मागाची पायाखालची फळी दबलेली होती. आमच्या देखत ती हळूच वर आली. कुणीतरी पाय उचलल्यासारखी.

वीतभर कापड विणून झालं होतं. आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात निळं सूत होतं. कापडात आडवा धागा राखाडी होता.

"उंदीर असतील," मी म्हणालो.

"हो ना. शिकलेले," ही म्हणाली. पण ओठ पांढरे पडले होते.

त्यानंतर बाग बिघडली. बिघडली म्हणजे वाळली नाही. रोज सकाळी आमची रोपं उपटलेली असायची. टोमॅटो, कांदे, पालक. पायरीवर ओळीने मांडलेली. मुळं स्वच्छ धुतलेली.

विहिरीजवळच्या वाफ्याला मात्र धक्का नाही. तो माजला होता.

मग हिचं बोट धाग्याने कापलं. तिने त्याच वाफ्यातलं पान ठेचून लावलं. सवयच होती तिला. जखम भरली, पण बोट राखाडी पडलं. टाचणी टोचली तरी कळेना.

"कसला पाला लावलात, आजी?" डॉक्टर ओरडले.

ही घरी आली ती थेट मागावर बसली.

आता ती दिवसभर विणायची. आणि विणलेलं सगळं उसवायची. जेवायलाही उठेना.

"अगं, काय करतेस हे?"

"त्यांना पसंत नाही."

"कुणाला?"

ती खाली मान घालून म्हणाली, "त्या मागे उभ्या असतात. म्हणतात, असं नाही. उसव."

मी मागे पाहिलं. भिंत होती. नुसती भिंत...

पण त्या क्षणी, माझ्या कानाशी, अगदी जवळ, कुणीतरी कंटाळून श्वास सोडला. त्या श्वासाला ठेचलेल्या पाल्याचा वास होता.

दुसऱ्या दुपारी मी कात्री घेतली. मी भित्रा माणूस आहे. पुस्तकात भांडण आलं तरी पान उलटणारा. पण हिची बोटं फुटून रक्त येत होतं आणि ती थांबत नव्हती.

"नका हो," ती पुटपुटली. "चिडल्यात त्या."

मी गाठी कापायला लागलो. एक झुबका, दुसरा, तिसरा. पाठीमागे दार आपटलं. माझा चष्मा कुणीतरी नाकावरून ओढला, फेकला. मी चाचपडत कापत राहिलो.

शेवटी एकच धागा उरला.

तो तुटेना. कात्री सटकायची. चष्मा शोधून पुन्हा लावला तेव्हा दिसलं, की त्याचं दुसरं टोक मागाला बांधलेलं नव्हतं. तो मागाखालून गेला होता. उंबरठ्यावरून, दाराच्या फटीतून बाहेर. खिडकीतून पाहिलं, तर थेट विहिरीजवळच्या वाफ्यात. मातीत.

आणि ताठ होता.

मी बघत असताना तो मातीच्या आतून खेचला गेला... एकदा... सावकाश. अख्खा माग वीतभर सरकला.

मी हिला खांद्याला धरून ओढत बाहेर काढलं. तो धागा तसाच राहिला.

आता आम्ही शहरात भाड्याच्या खोलीत राहतो. ही बरी आहे. बाजारात जाते, शेजारणीशी भांडते. एक बोट तेवढं राखाडी आहे. दूधवाली मध्यंतरी हिला भेटली. म्हणाली, "ताई, दुपारी मी त्या वाटेनं जात नाही. माग चालू असतो."

पत्र आल्यावर भाचीला मी फोन करून हे सगळं सांगितलं. ती हसली. "मामा, पुस्तकं जरा कमी वाचा हो."

म्हणून लिहायला बसलो. 'येऊ नकोस' एवढं लिहिलं, आणि पाठीमागून आवाज आला...

"असं नाही."

मला वाटलं, ही आहे. "मग कसं लिहू?" मी विचारलं.

"फाड."

मी वळलो. खोलीत कुणी नव्हतं. ही तर खाली भाजी आणायला गेली होती.

कागद मी फाडलेला होता. कधी, ते आठवत नाही.

पुढे रोज तेच. लिहायचं, ऐकायचं, आणि हातात तुकडे. सुट्टी जवळ येत चालली, आणि उत्तर नाही गेलं तर ती हो समजणार होती.

काल हिला समोर बसवलं. कागद फाडला जाऊ नये म्हणून तिचा बरा हात माझ्या डाव्या हातावर घट्ट दाबून धरायला सांगितला. ती रडत होती, पण हात सोडला नाही. दोन्ही शब्द लिहिले. खाली सही केली. पाकीट खिशात घालून एकटाच चौकातल्या पोस्टाच्या पेटीशी गेलो.

भर दुपार होती. रस्त्यावर माणसं होती. पेटीला टेकून एक जण केळी विकत होता.

पाकीट फटीत अर्धं घातलं. पत्ता पुन्हा वाचला. बरोबर होता. माझी बोटं अजून पाकिटावर होती. मी ते सोडलं नव्हतं.

आतून कुणीतरी ते ओढून घेतलं.