झाकण नसलेली वाटी

सार निवायच्या आत पिऊन घ्या, पाहुणे. वाटीला झाकण नाही, लवकर निवतं. विचारायला लाजू नका, इथे थांबणारा प्रत्येक जण विचारतो. कोणी म्हणतं म्हातारी कंजूष, कोणी म्हणतं झाकणं फुटली असतील. फुटली नाहीत हो. काळ्या लाखेची, माझ्या माहेरची लाकडी झाकणं होती ती. मीच एकेक करून चुलीत घातली.

बर्फ थांबल्याशिवाय नाव काही सुटायची नाही. मघाशी तुमचे जोडे काढून घेतले तो पोरगा धक्क्यावर दोर बघायला गेलाय, तो येईपर्यंत बसा. दिवा जरा जवळ घेते.

तेव्हा आमचं हे चहाचं दुकान नव्हतं. वरच्या गावात राहायचो, कुसाकाबे सरदारांच्या पदरी. माझे यजमान हान्नोजो त्यांचे सामुराई. तलवारीला त्यांच्यासारखा हात सगळ्या मुलखात नाही, असं लोक म्हणत. लोकांचं काय जातं म्हणायला? त्या हातासोबत संसार मला करायचा होता.

"धन्याचा तांदूळ खातो आपण, नुई," ते म्हणायचे. "त्या तांदळाला जागायला नको?"

तांदूळ शिजवणारीला कोण जागणार, हे मी कधी विचारलं नाही.

एका वर्षी धन्यांना शेजारच्या बड्या सरदाराशी लढायची हुक्की आली. गेन्शिची म्हणून त्यांचे जुने कारभारी होते, आमच्या यांचे लहानपणापासूनचे सोबती. ते एवढंच म्हणाले की माणसं कमी आहेत, सगळे मरू. धन्यांनी त्यांना पोट चिरून घ्यायचा हुकूम दिला, आणि शेवटी मान उडवायचं काम सोपवलं आमच्या यांच्यावर. का, तर म्हणे हात सफाईचा. यांनी ते केलं. घरी येऊन विहिरीपाशी हात धूत बसले ते उठेचनात.

"अहो, स्वच्छ आहेत हात," मी म्हटलं.

"दिसतात तसे."

"मग सोडा ना ही चाकरी! तलवार खाली ठेवा. शेती करू."

"वेडी आहेस का? तलवार खाली ठेवली तर मी उरलो कोण?"

पुढच्याच महिन्यात ते लढाईवर गेले. आमचा योइचिरो तेव्हा सोळा वर्षांचा. तो आता पुरुष झाला म्हणून निघायच्या आधी यांनी स्वतःच्या वस्तऱ्याने त्याच्या कपाळावरचे केस उतरवले. त्या दिवशी तेवढे एकदा हसले.

आमच्याकडे माणूस दूर गेला की त्याचं ताट घरात रोज वाढतात. भात, लोणचं, आंबवलेल्या सोयाबीनचं, मिसोचं गरम सार, सारावर झाकण. थोड्या वेळाने झाकण उचलून बघायचं. आतून थेंब जमले असले तर माणूस सुखरूप. कोरडं निघालं तर... पण गरम सारावरचं झाकण कोरडं राहील कसं? घरात मागे राहिलेल्या बायकांची समजूत काढायला कुण्या शहाण्याने काढलेली युक्ती, असं मी म्हणायची. तरी झाकण उचलून बघितल्याशिवाय एक दिवस राहवलं नाही, खोटं कशाला सांगू? रोज थेंब असायचे.

असंच बर्फ पडत होतं. दिवेलागणीला मी ताट वाढून ठेवलं आणि दार सरकल्याचा आवाज आला. हे दारात उभे! योइचिरो धावला. मला रडू आणि हसू बरोबरच फुटलं. इतक्या बर्फातून आले होते, पण टोपीवर एक कण नव्हता. बाहेर झटकली असेल, मला वाटलं. त्यांच्यामागून घरात एक वास आला, बंद पडलेल्या विहिरीसारखा.

आत आले की तलवार घडवंचीवर ठेवायची, हा त्यांचा नेम. त्या दिवशी ती मांडीवर घेऊनच बसले.

"योइचिरो, तयारी कर," म्हणाले. "धन्यांनी बोलावलंय. धक्क्यावर थांबलेत. लगेच निघायचंय."

पोराला काय, आनंदाने उड्या मारत आतल्या खोलीत गेला, बापाने दिलेलं चिलखत बांधायला.

"अहो, कोवळं पोर आहे ते," मी म्हटलं. "आल्या आल्या हे काय?"

"माणसं कमी पडतायत."

"गेन्शिचींनी हेच सांगितलं होतं."

"हो. तोही आहे तिथे." त्यांनी मान वर केली नाही. "भेटला मला. माझ्यावर राग नाही म्हणाला..."

जीभ उचलली आणि रोजचंच वाक्य बाहेर पडलं.

"आधी जेवून घ्या. ताट वाढलेलंच आहे."

त्यांनी वाटीवरचं झाकण उचललं. वाफ भसकन वर आली, त्यांच्या चेहऱ्यावरून गेली. त्यांनी झाकण उलटं करून दिव्यापाशी धरलं. आतून बोट फिरवलं. बोट बघितलं.

"नुई... हे कोरडं आहे."

मी दिव्याची वात वर केली.

"काल?" त्यांनी विचारलं.

"काल थेंब होते..."

"मग आज सकाळी. पुलाजवळ." त्यांनी झाकण जपून परत वाटीवर ठेवलं. "मला वाटलं, पाय घसरला नुसता."

बाहेर कुठेतरी खूप माणसं एकाच जागी उभी असावीत तशी कुजबुज होती. हाच धक्का, आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर.

"म्हणजे धनीसुद्धा..." ते म्हणाले.

"तर काय! मेलेल्याची कसली चाकरी? माझा मुलगा देणार नाही मी."

"हुकूम आहे, नुई."

"सुंभ जळला तरी पीळ जात नाही तुमचा!" आत पोराला ऐकू जाऊ नये म्हणून मी दबक्या आवाजातच कडाडले. "मित्र दिलात. जीव दिलात. तरी तुमच्या धन्याचं पोट भरलं नाही? आता हाही हवा?"

आतून योइचिरोचं गुणगुणणं ऐकू येत होतं. मग त्यांनी मांडीवरची तलवार दोन्ही हातांनी उचलली आणि माझ्यासमोर जमिनीवर ठेवली. मूठ माझ्याकडे करून.

"त्याला धरून ठेव," एवढंच म्हणाले, आणि रित्या हातांनी बाहेर पडले.

जन्मात पहिल्यांदा त्या माणसाने धन्याचा शब्द मोडला, आणि तोही माझ्यासाठी. मी तोंड झाकून रडले. तिथेच चुकलं.

चिलखत चढवून योइचिरो बाहेर आला. त्याने आमचं बोलणं ऐकलं नव्हतं. त्याला जमिनीवरची तलवार तेवढी दिसली.

"आई! बाबा तलवार विसरले!"

"विसरले नाहीत रे, थांब—"

सामुराईचा मुलगा तो. बाप लढाईत रित्या हाताने जाणार, हे त्याला कसं सोसावं? तलवार उचलून धावला. मी बाही धरली, ती फाटून माझ्या मुठीत राहिली. मागे पळाले, पण नदीवरून चढलेलं धुकं इतकं दाट, की माझे मलाच हात दिसेनात. हाका मारत राहिले.

थोड्या वेळाने तो आपणहून परत आला. हसत.

"दिली तलवार," म्हणाला.

"बाबांना?"

"नाही, धन्यांनीच हात पुढे केला. बाबा मागे उभे होते, मान खाली घालून. माझ्याशी बोललेच नाहीत, आई. रागावले का गं? धनी मात्र फार चांगले आहेत. म्हणाले, बापाने खाली ठेवलेली तू उचललीस, म्हणजे तू चाकरीत आलास. आता आईजवळ राहा, बोलावू तेव्हा ये."

मी त्याला घरात आणलं. चुलीजवळ बसवलं, गरम सार वाढलं, वर झाकण ठेवलं. मग तेच झाकण उचलायला हात पुढे केला, आणि मागे घेतला. डोळे मिटून चुलीत टाकलं. मागोमाग बाकीची.

पुढे वरचं गाव जळालं, सरदारांचं नावही कोणी घेईना. मी इथे धक्क्यावर दुकान थाटलं. नदीकडून जो कोणी येईल तो आधी माझ्या दारावरून जातो. बसून असते बघत.

हा बघा, आला. नातू नाही हो, हाच माझा योइचिरो. सगळेच चकतात. कपाळ बघा त्याचं, कसं गुळगुळीत आहे. बापाने उतरवलं होतं, त्यानंतर कधी हात लावावा लागला नाही. वस्तरा तसाच पेटीत पडून गंजून गेला.

त्याच्यासमोर काही बोलू नका. आणखी वाढू थोडं सार?