कुंकवाचे कोरे बोट

साल २०५८. चिमणाजी नावाच्या यंत्रमानवाचा डोळा कोणतीही वस्तू दोनशे पटींनी मोठी करून पाहू शकत असे. तरीही शर्वरीमावशीच्या बोटांवरून तो नुसताच फिरत राहिला आणि चिमणाजी म्हणाला, "काही दिसत नाही."

 कालच छोट्या भाचीने, मृण्मयीने, मावशीची बोटे नखांच्या मुळापर्यंत मेंदीने रंगवली होती. मावशीला ल्युपस (शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच अवयवांवर उलटते तो आजार) होता. परवा तिचे लग्न आणि लगेच वीस तासांचा विमानप्रवास! "तपासणी नीट झाली तरच परवानगी," असे डॉक्टर असलेल्या आजोबांनी बजावले होते.

"नक्षी सुरेख आहे हो," चिमणाजी म्हणाला, "पण मला रक्त पाहायचे आहे, मोर नव्हे."

"नखात कसले रक्त, आजोबा?" मृण्मयीने शेजारी उभ्या आजोबांना विचारले.

"नखात नव्हे गं, त्याच्या मुळाशी," आजोबा म्हणाले. " तिथल्या कातडीत केशवाहिन्या (केसाहून बारीक रक्तनलिका) आडव्या पहुडलेल्या असतात. ल्युपसच्या काही रुग्णांच्या रक्तात गुठळ्या होण्याचा धोका असतो. अशांच्या बोटांवर कधीकधी रक्त झिरपून ठिपक्यांची ओळ उमटते, फणीच्या दातांसारखी."

मृण्मयी एकदम ओरडली, "उजवी अनामिका!"

काल पाहुण्यांना कुंकू लावायचे म्हणून मावशीने ते बोट कोरे ठेवले होते. नक्षी अपुरी राहिली म्हणून मृण्मयी तासभर रुसली होती.

बोट स्वच्छ धुऊन, कातडीतून आरपार दिसावे म्हणून आजोबांनी नखाच्या मुळाशी तेलाचा थेंब सोडला. पडद्यावर केसांच्या आकड्यांसारख्या लाल केशवाहिन्या शिस्तीत उभ्या राहिल्या. मात्र मध्येच एक काळसर ठिपका!

"अगं, परवा तिथले सालपट मीच ओढले," मावशी ओशाळली.

"एकटा ठिपका इजेनेही येतो. ओळ नाही, हे महत्त्वाचे," आजोबा म्हणाले. "पण एका खिडकीतून डोकावून घराचा निवाडा करू नये."

त्यांनी रक्ताचा अहवाल उघडला. गुठळ्यांना कारण होणारी प्रतिपिंडे (रक्तातील संरक्षक प्रथिने, इथे मात्र उलटलेली) त्यात नव्हती.

"जा. पण विमानात दर तासाला उठून चालायचे, पाणी प्यायचे. आणि मेंदी उतरली की उरलेली नऊ बोटे इथे हजर!"

मावशीने कोरे बोट पुढे केले. "आता कर पुरी तुझी नक्षी."

"नको, ते असेच राहू दे." मृण्मयीने तिच्या मनगटावर त्या केसांच्या आकड्यांची एक सुबक ओळ काढली. "मोठी झाले ना, की मेंदीतूनही पाहणारा डोळा बनवीन."

"जरूर बनव," चिमणाजी म्हणाला. "तोवर एक बोट माझ्यासाठी ठेवत जा."