प्रतापदादाचा धुतलेला शर्ट

इथे आखातात, हमरियातल्या आमच्या खोलीत नवीन पोरं आली की जनार्दनकाका जेवणानंतर दिवा बंद करून ही गोष्ट सांगतात. "माझ्या ओळखीचा एक पोरगा होता," अशी सुरुवात करतात. तो पोरगा मीच. कोपऱ्यातल्या खाटेवर पडून ऐकत असतो. काका मधलं थोडं गाळतात. मी गाळणार नाही.

जानेवारीतली अमावस्या, गुरुवार. मी आणि काका पिकअप घेऊन बरका गावाच्या पलीकडे निघालो होतो. काम साधं होतं. एक शर्ट पोचवायचा.

शर्ट माझ्या भावाचा, प्रतापदादाचा. तो तिथल्या एका फार्मवर सिनेमावाल्यांसाठी तरस सांभाळायचा. त्यातली एक मादी त्याने डोळे मिटलेली असल्यापासून बाटलीने दूध पाजून वाढवली होती. तिचं नाव ठेवलं बायो. दादाने जिभेने टक् केलं की ती त्याच्या शर्टाची बाही दातांत धरायची. पडद्यावर वाटायचं, माणसाला फाडतेय. पण दात कधी कातडीला लागले नाहीत. रोजचं जेवणही तसंच. आधी बाही, मग मटण.

तेच मटण आणायला तो एका रात्री गेला. रस्त्यात उंट आडवा आला. खलास.

मी त्याला घेऊन गावी गेलो. अग्नी दिला, तेरावं केलं, परत आलो. तोवर बायोने खाणं टाकलं होतं. तिच्या मालकाचा, अर्बाब महमूदचा, मला फोन आला.

"बंटी, भाई का पहना हुआ शर्ट लाओ. बिना धोया. सुबह डॉक्टर आएगा. नहीं खाया तो मरने की सुई दे देगा. मैं क्या करूँ?"

बिना धोया.

मी रुवीत लाँड्रीत कामाला आहे. परत आल्यावर दादाची बॅग हातात आली त्याच रात्री मी त्याचे सगळे कपडे धुऊन टाकले होते. स्टार्च, इस्त्री, घडी. आईकडे पाठवायचे म्हणून. त्याच्यासाठी मी दुसरं काय करणार होतो? मला तेवढंच येतं.

हे मी काकांना गाडीत सांगितलं. त्यांनी स्टिअरिंगवर हात आपटला.

"गाढवा, एक तरी तसाच ठेवायचास!"

"आणि आईला घामाचे कपडे पाठवू?"

काकांनी गिअर बदलला. मग हळूच म्हणाले, "बघूया. ओळखेल, इन्शाल्ला."

फार्मवर महमूदने मटणाची थाळी पिंजऱ्यात सरकवून दिली आणि बघवत नाही म्हणून घरी गेला. बायो कोपऱ्यात पडली होती. बरगड्या दिसत होत्या. त्या दादाच्या पोरीला वाचवायचं होतं मला. त्याचं दुसरं काय उरलं होतं?

मी शर्ट चढवला. मला तो ढगळ झाला. बाही जाळीतून आत घातली.

टक्.

ती उठली. आली. बाही हुंगली... खूप वेळ हुंगली. मग शिंकली आणि मागे फिरली. पाठीवरचे केस ताठ उभे राहिले.

"खा गो बायो. तुझ्यासाठीच गेला ना तो..."

तिने तोंड भिंतीकडे केलं.

"नको तर मर!" मी ओरडलो. शर्ट ओरबाडून काढला आणि जाळीच्या बाहेरच्या हुकाला अडकवला. काकांनी मला ओढत दादाच्या खोलीत नेलं. "झोप. सकाळी बघू."

पहाटेच्या अजानला अजून वेळ होता. वारा नव्हता. पान हलत नव्हतं.

टक्.

मला वाटलं, काका. पण काका माझ्या शेजारी उठून बसले होते. त्यांचा हात माझ्या मनगटावर आला. बर्फासारखा.

टक्.

खोलीचं दार थोडं उघडं होतं, समोर पिंजऱ्यावर दिवा होता. बायो जाळीशी बसलेली. पाठीवरचे केस खाली बसलेले. शेपूट हलत होती. शर्ट हुकालाच होता... पण बाही आत गेली होती. मी ती बाहेर सोडली होती. बायोने बाही दातांत धरली. हळूच. सोडली. मग थाळीतलं हाड फुटल्याचा आवाज आला.

पुन्हा टक्.

पुन्हा बाही. पुन्हा घास.

शर्ट रिकाम्यासारखा लोंबत नव्हता. खांदे भरलेले होते.

काका कानाशी पुटपुटले, "हाक मारू नको हां. अजिबात..."

काका सांगताना म्हणतात, इथे पोरगा बेशुद्ध पडला. मी बेशुद्ध पडलो नाही. मी हाक मारली.

"दादा!"

...

खांदे पडले. बाही सुटली. बायोने वर बघितलं, इकडे बघितलं, आणि तिच्या घशातून एक आवाज आला. तसा आवाज मी आमच्या आईच्या तोंडून ऐकलाय, विमानतळावर.

मी उजाडेपर्यंत हाका मारल्या. परत काही नाही.

सकाळी थाळी चाटूनपुसून साफ. डॉक्टर बॅग न उघडताच परत गेला. महमूदने काकांना मिठी मारली. त्यानंतर बायो महमूदच्या हातून खायला लागली.

मी शर्ट हुकावरून काढला. बाही लाळेने भिजलेली, दातांचे खड्डे पडलेले. तो नाकाशी नेला. लाँड्रीतली सवय. साबण नव्हता, स्टार्च नव्हता. डिझेल, तंबाखू आणि दादाचा घाम.

आईला बाकीचे कपडे पाठवले. हा एक प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून खाटेखाली ठेवलाय. त्याला मी पाणी लावलेलं नाही. आता उन्हाळा लागलाय, खोलीत दोरीवरचं फडकं तासाभरात कडक होतं.

काल रात्री काकांची गोष्ट संपल्यावर मी गाठ सोडून हात आत घातला. शर्टाच्या काखेतला घाम अजून ओला आहे.