हॅलोरन रोडचं क्रॉसिंग

अबोलीचं काम सांगायला सोपं होतं आणि करायला कंटाळवाणं. रस्ता जिथे रेल्वेचे रूळ ओलांडतो, तिथे गाड्या नीट थांबतात की नाही हे बघायचं. हॅमिल्टनमधल्या एका छोट्या कन्सल्टिंग फर्ममध्ये ती रोड सेफ्टी इंजिनिअर होती. मास्टर्स करायला आली ती इथेच राहिली. मकरंदशी लग्न झालं, सिद्धी झाली. वायकाटोच्या त्या सपाट, हिरव्यागार मुलखात बिनफाटकाची क्रॉसिंग्ज ढिगाने होती. घंटा नाही, लाल दिवे नाहीत. खांबावर एक पांढरी फुली आणि तिच्याखाली ‘स्टॉप’ची पाटी, एवढंच. तिथे कॅमेरा लावायचा, काही दिवसांनी काढून आणायचा आणि ऑफिसात चिवडा खात फुटेज पळवत बघायचं.

लोक काय करतात हे तिला पाठ होतं. शेतकरी जरासा वेग कमी करतात आणि मानही न वळवता निघून जातात. कुरियरवाले तेवढंसुद्धा करत नाहीत. नव्व्याण्णव वेळा काही होत नाही. उरलेल्या एका वेळेचे फोटो तिच्या फाइलींमध्ये असत. इंजिनाच्या तोंडावर नुसता ओरखडा आणि रुळांच्या कडेला गवतात पडलेली, मुळात कोणत्या कंपनीची होती हेही न कळणारी गाडी. ते फोटो बघितले की त्या दिवशी ती घरी फार हळू गाडी चालवायची.

हॅलोरन रोडचं प्रकरण तक्रारीतून आलं. शहरापासून मॉरिन्सव्हिलच्या बाजूला, गाईंच्या कुरणांमधून जाणारा हा रस्ता. एका कुरियर कंपनीचं म्हणणं होतं की तिथे त्यांच्या गाड्या उगाच खोळंबतात. अबोलीने कॅमेरा लावला, काढून आणला आणि पहिलाच तास बघताना तिचा हात चिवड्याच्या डब्यात तसाच राहिला.

सगळे थांबत होते. एकूण एक. दुधाचे टँकर, मागे उघडा हौदा असलेल्या शेतकऱ्यांच्या यूट, शाळेची बस. थांबत होते आणि थांबूनच राहत होते. रूळ रिकामे होते, दोन्ही बाजूंना नजर पोचेल तिथवर सरळ रेघ मारल्यासारखे. तरी ती माणसं काचेमागे बसून होती. कुणी डॅशबोर्डवर बोटांनी ताल धरलेला, कुणी जांभई देत असलेला. मग इंजिन सुरू करून सगळे निघून जात. तिने फुटेज मागे नेलं, चित्र मोठं केलं. माणसांच्या माना अगदी हळू हलत होत्या, उजवीकडून डावीकडे. परत उजवीकडे येत आणि पुन्हा डावीकडे जात.

तिने रेल्वेच्या कंट्रोलला फोन लावला. त्या वेळी त्या लाइनवर एकही गाडी नव्हती. मालगाड्या धावतात त्या पहाटे आणि संध्याकाळी.

तिचा बॉस मात्र खूश. “स्वीट ॲज! अख्ख्या जिल्ह्यात इतकं शिस्तीचं क्रॉसिंग नसेल,” तो म्हणाला. मकरंद आठवडाभर ऑकलंडला पेनरोजच्या डेपोत कामाला असायचा आणि शुक्रवारी घरी यायचा. त्याला तिने फोनवर सांगितलं, तर तो हसला. “अगं, लोकांना फोन बघायला जागा सापडली असेल.”

“कुणाच्याही हातात फोन नाहीये.”

“मग दमले असतील,” तो म्हणाला.

तिला चैन पडेना. दुसऱ्याच दिवशी दुपारी ती तिथे गेली. ढगाळ हवा होती. पॉप्लरची पिवळी पानं रस्त्याला चिकटली होती, कुठूनतरी आंबूस चाऱ्याचा वास येत होता. पाटीपाशी एक पांढरी यूट उभी होती, मागच्या बाजूला कुत्रा. अबोली आपली लाल गाडी कडेला लावून चालत गेली. आतला माणूस साठीचा, गमबूट घातलेला. त्याने काच खाली केली, नाव वॉरन म्हणून सांगितलं, पलीकडचं डेअरी फार्म त्याचंच.

“कशासाठी थांबलाहात?” तिने विचारलं.

त्याने रुळांकडे हनुवटी केली. “जाऊ दे की तिला. आज जरा लांबच आहे.”

अबोलीने बघितलं. रूळ, खडी, पलीकडे कुंपण, कुंपणामागे गाई. गाईंच्या पाठी रुळांच्या आरपार स्वच्छ दिसत होत्या. आवाज म्हणावा तर वाऱ्याचा. कुत्रा मात्र कान पाडून यूटच्या तळाशी चिकटून पडला होता.

“मला काही दिसत नाहीये,” ती म्हणाली.

वॉरनने पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती, आश्चर्यही नव्हतं. हॉस्पिटलात शेजारच्या खाटेवरच्या माणसाकडे बघावं तसं काहीतरी होतं.

“मग तू दुसऱ्या रस्त्याने येत जा,” तो म्हणाला. थोड्या वेळाने त्याने गिअर टाकला आणि रूळ ओलांडून निघून गेला.

दुसरा रस्ता लांबचा होता. आणि दर मंगळवारी तर अबोलीला इथूनच जायचं असायचं. तिची आई, वनिताबाई, सहा महिन्यांसाठी चिंचवडहून आल्या होत्या. मॉरिन्सव्हिलला अबोलीच्या कांचन नावाच्या मैत्रिणीकडे तिची आई सरलाताई आल्या होत्या, सांगलीच्या. दोघी म्हाताऱ्यांचं छान जमलं होतं. एरवी दिवसभर घरात बसून वनिताबाई कंटाळायच्या. मंगळवारची वाट बघायच्या.

वनिताबाईंनी सगळी नोकरी पॅथॉलॉजी लॅबमध्ये केलेली. मायक्रोस्कोपखाली दिसेल तेवढंच लिहायचं, ही त्यांची सवय घरातही होती. घरात कुणी दृष्ट काढायला लागलं तर उठून जायच्या. म्हणून त्या मंगळवारी पाटीपाशी अबोलीने गाडी थांबवली, दोन्हीकडे बघितलं आणि ती निघणार एवढ्यात आईने तिचा दंड धरला तेव्हा अबोलीने आधी आईच्या चेहऱ्याकडे बघितलं.

“अगं थांब की! गाडी येतेय, दिसत नाही?”

“कुठे, आई?”

“कुठे काय, समोर!” वनिताबाई वैतागल्या. मग सीटला टेकून बसल्या आणि बघत राहिल्या. “केवढ्या लांब असतात गं इथल्या मालगाड्या. संपतच नाही.” त्यांची मान हलत होती. उजवीकडून डावीकडे.

अबोलीने स्टिअरिंग घट्ट धरलं. काचेवर पावसाचे चार थेंब पडले होते, त्यांतून तिला कुंपण दिसत होतं. कुंपणावर एक काळापांढरा मॅगपाय पक्षी बसला होता. बराच वेळ तो तिथेच बसून होता.

“शेवटचा एक डबा माणसांचा आहे,” आई म्हणाली. “दिवसाढवळ्या दिवे लावलेत बघ आत. आणि सगळे एकाच बाजूला बसलेत, आपल्याकडे तोंड करून.”

“आई, पुरे.”

“काय पुरे? मी काय करतेय?” त्या अजून डावीकडेच बघत होत्या. “स्टेशन आलं की आपलं माणूस कुठे दिसतंय का बघतात ना लोक, तसे बघत होते.” मग पदराने चष्मा पुसत म्हणाल्या, “चल आता. गेली.”

अबोलीने दुसऱ्याच दिवशी आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डोळे ठणठणीत निघाले. जीपीने रक्तदाब बघितला, साधे प्रश्न विचारले, तारीख, वार, पंतप्रधानांचं नाव. वनिताबाईंनी सगळं बरोबर सांगितलं आणि वर घरी येताना रागावल्या. “मला वेड लागलंय असं वाटतंय का तुला?”

“नाही गं.”

“मग तूच एकदा डोळे दाखवून घे. तू गाडी चालवतेस. मागे सिद्धी बसते.”

हे अबोलीला लागलं. ती रात्री नीट झोपेना. ऑफिसात तेच फुटेज पुन्हापुन्हा लावून बसे. लोक थांबत, बघत, जात. ज्या क्रॉसिंगवर कुणालाही धोका नव्हता त्या क्रॉसिंगची तिला अशी धास्ती बसली की शॉवरखाली उभी असतानासुद्धा कानात काही ऐकू येतंय का ते ती बघायची. काही ऐकू येत नव्हतं. तेच असह्य होतं. सगळ्यांना दिसतं ते आपल्याला का दिसू नये?

पुढच्या मंगळवारी सिद्धीला शाळेत सोडून ती आईला घेऊन निघाली. लांबच्या रस्त्याने जायचं तिने ठरवलं होतं. पण तिकडे डांबराचं काम चालू होतं, नारिंगी कोन लावलेले, जाकीटवाल्या मुलीने हसून वळायची खूण केली. वळसा हॅलोरन रोडवरूनच होता.

ऊन पडलं होतं. इतकं लख्ख की लांबवर कायमाईच्या डोंगरावरची झाडी वेगळी काढता येत होती. पाटीपाशी ती थांबली. पलीकडच्या बाजूला वॉरनची पांढरी यूट उभी होती.

“येतेय,” आई म्हणाली.

अबोलीने उजवीकडे बघितलं. डावीकडे बघितलं. काच खाली केली. गवताचा वास आला. पलीकडे वॉरनचा चेहरा स्पष्ट दिसत होता, त्याच्या टोपीवरची अक्षरंसुद्धा. मधे काहीच नव्हतं. मधे काही असतं तर त्याची टोपी दिसली असती का? एवढा साधा हिशेब होता तो. आणि अभ्यास करून, इतकी वर्षं नोकरी करून तिला तोही मांडता येत नव्हता.

“आई, तिकडे काही नाहीये. मी तुला दाखवते.”

“अबोली.”

“एकदाच. मग तुझ्या मनातूनही जाईल.”

“अबोली, नको! अगं, जवळ आलीय—”

तिने ॲक्सिलरेटर दाबला.

गाडी रुळांवरून खडखड करत गेली. आई ओरडली नाही. तिने फक्त डोळे मिटून दोन्ही हात पुढे धरले, तव्यावरचा चटका चुकवावा तसे.

आणि त्या पलीकडे पोचल्या.

काही झालं नव्हतं. ऊन होतं, गाई होत्या. अबोलीला हसू आलं, ते कसंतरीच बाहेर पडलं. “बघ, आई. झालं का काही?”

आईने डोळे उघडले नाहीत.

वॉरन यूटमधून उतरला होता. तो त्यांच्याकडे बघत नव्हता. त्यांच्या गाडीला अगदी खेटून तो धावत गेला, रुळांकडे, आणि तिथून, आईची मान वळायची त्या बाजूला, खडीवरून अडखळत. फोन त्याच्या कानाला होता.

अबोली उतरून त्याच्यामागे गेली. त्याचा आवाज तिला ऐकू आला. तो रस्त्याचं नाव सांगत होता. लाल गाडी, असं सांगत होता. दोन बायका.

“वॉरन! आम्ही इथे आहोत. काही झालं नाही!”

तो गवतात गुडघ्यांवर बसला होता. गवत उभंच होतं, कशानेही दबलेलं नव्हतं. त्याने हात पुढे नेला आणि कशाला तरी न लावताच मागे घेतला.

तिने त्याची बाही धरली. त्याने वर पाहिलं. बराच वेळ तिच्या तोंडाकडे बघत राहिला. मग गवताकडे पाहिलं. पुन्हा तिच्याकडे. फोनमधून कुणीतरी बाई “हॅलो, हॅलो” करत होती.

“घरी जा,” तो शेवटी म्हणाला. अगदी हळू, माणुसकीने. “मुलं असतील तर घरी जा.”

दोघी सरलाताईंकडे गेल्या नाहीत. लांबच्या रस्त्याची एक बाजू आता उघडली होती, तिथून, कामवाल्यांच्या कोनांशी रांगेत थांबून परत आल्या. वाटेत आईने डोळे मिटूनच ठेवले होते. घरी आल्यावर मात्र तिने स्वतःच चहा टाकला, दोघींनी घेतला. चहा चांगला झाला होता. “माझंच काहीतरी चुकलं असेल,” वनिताबाई कपबशी विसळताना म्हणाल्या. “तू बरोबर होतीस.” आणि मागच्या अंगणात वाळलेले कपडे काढायला गेल्या.

अबोलीने हात पाण्याखाली धरले. पाणी गार लागलं. काचेत चेहरा बघितला, तोच होता. तिने मकरंदला फोन केला, त्याने उचलला, डेपोत गडबड होती, संध्याकाळी बोलू म्हणाला. सगळं जागच्या जागी होतं. तिला हळूहळू भूक लागली.

शाळा सुटायच्या वेळी ती सिद्धीला आणायला गेली. गेटपाशी नेहमीची गर्दी होती. सिद्धी दुसरीतली, एरवी दप्तर फरफटत पळत यायची. आज ती गाडीपासून थोडी लांब थांबली. आईकडे बघितलं. मग आली, मागे बसली, पट्टा लावला. आज काय केलं, डबा खाल्ला का, असं अबोली विचारत होती आणि सिद्धी मागून तिच्या केसांकडे बघत होती.

घरासमोर गाडी थांबली. कुंपणावरून वनिताबाई दिसत होत्या, दोरीवरची चादर घडी करत होत्या, तोंडाने काहीतरी गुणगुणत होत्या.

सिद्धी पुढे वाकली. तिचा श्वास अबोलीच्या कानाला लागला. इंग्रजीतच, पण कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने तिने विचारलं,

“मम, आजीला माहितेय का?”

काय, असं विचारायला अबोलीने तोंड उघडलं. सिद्धीने मागून हात पुढे केला आणि आईच्या केसांतून गवताची एक हिरवी काडी, मग खडीचा एक बारीक काळा खडा, असं एकेक अलगद काढायला सुरुवात केली.