ताट झाकून ठेवते

माझा थोरला भाऊ राघोबा, आमचा अण्णा, ही गोष्ट सांगतो तेव्हा एकाचंही नाव घेत नाही. "माझ्या ओळखीतला एक पोरगा होता," असं सुरू करतो. तो ओळखीतला पोरगा म्हणजे माझा हरिओम. आणि पुढं जी "एक तोंडाळ बाई" येते ती मी. मी नावं घेऊनच लिहिणार आहे. भ्यायचं असलं तर ते माझ्या एकटीचं आहे, बाकीच्यांना कारण नाही.

दोन हजार अकरा सालच्या दिवाळीत, पाडव्याच्या रात्री, अण्णानं ती पुन्हा सांगितली. आमच्या गावात, दुबलगुंडीत, लाइट गेलेली. त्याचा धाकटा सुनीलकुमार हैदराबादच्या कंपनीतले दोन मित्र घेऊन आला होता. तिघं आमच्या माळवदावर पडून सहलीचा बेत करत होते. जंगल, धबधबा, नावेत बसायचं, दोरीवरून लोंबकळायचं. जायचं ठरलं होतं, राहायचं ठरत नव्हतं. एक म्हणे तंबू, दुसरा म्हणे झाडावरची खोली, सुनील म्हणे पाण्याच्या काठाला कुणाच्या तरी घरात.

"घरातच ऱ्हायचं तर आमचं काय वाईट हाय?" मी म्हणाले. "सकाळी म्हशीबी दावते."

"आत्या, तुझ्या म्हशी मला नावानं ओळखत्यात. त्यात काय मजा?"

मित्र हसले. अण्णा हसला नाही. त्यानं विडी विझवली.

"कुठं ऱ्हायचं ते जपून ठरवा," तो म्हणाला. "अन् जिथं ऱ्हायचं नसंल, तिथनं काय बोलून निघायचं, ते तर लईच जपून."

मग सांगायला लागला. मी मधेमधे दुरुस्त करत होते, कारण अण्णा मीठमसाला लावतो. इथं लिहिते ते दुरुस्त केलेलं.

सन दोन हजार सहा. हरिओम तेव्हा पुण्यात, गाड्यांच्या कारखान्यात कंत्राटावर. त्याचा साहेब सुट्टीत बायकोला घेऊन जंगलात तंबू ठोकून राहून आला आणि फोटो दाखवत फिरला. झालं. माझ्या पोरालाही तंबू पाहिजे झाला. लग्नाला वर्ष व्हायचं होतं. सून विजयश्री कमठाण्याची. माहेर आणि सासर सोडून तिनं काही बघितलं नव्हतं. शिवरात्रीला पोरगा गावी आला तो पाठीवर निळा तंबू घेऊन.

शिवरात्रीच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, दोघं मोटारसायकलवर निघाले. चिंचोळीच्या जंगलाकडं. तिकडं धरणाचं एक तळं आहे. त्याचं नाव अण्णा सांगत नाही आणि मीही लिहीत नाही. लिहिलं की सुनीलसारखे नेमके तिथंच जातील.

"तिथल्या मठात ऱ्हावा," मी बजावलं. "नवी सून हाय. चार माणसांत निजू दे."

"माय, मठात ऱ्हायला मी पुण्याहून तंबू वाहून आणलाय व्हय?"

दिवस मावळताना पोचले. सरकारी बंगल्याला कुलूप. राखणदार म्हणाला, गुलबर्ग्याहून परवानगी आणा. मठात जागा होती, पण बायका एकीकडं, पुरुष एकीकडं. हरिओमनं तोंड वाकडं केलं आणि गाडी काठानं पुढं काढली. वाटेला शेवटचं एक घर लागलं. दगडी पायऱ्या, सारवलेलं अंगण, वर धूर. दारात एक म्हातारी उभी होती. डोळ्यांवर हात आडवा धरून, कुणाची तरी वाट बघत असल्यागत.

"वस्तीला कुठं रं, लेकरा?"

"तंबू हाय, आज्जी."

"तंबू म्हंजे काय घर हाय? भाकरी टाकायलेय. जेवा, निजा, सकाळी उठून जावा."

विजयश्रीला राहायचं होतं. दिवसभर धूळ खाल्लेली, त्यात दारातनं कांद्याच्या फोडणीचा वास. तिनं नवऱ्याकडं बघितलं. नवऱ्यानं गाडी चालूच ठेवली होती. मग ती जे म्हणाली ते तिच्या आईनं तिला शिकवलेलं, माझ्या आईनं मला शिकवलेलं. कुणाच्या दारातनं निघताना 'जाते' म्हणू नये. जातं ते मेलेलं माणूस.

"येते, आज्जी," ती म्हणाली.

म्हातारीचं तोंड उजळलं.

"ये, बाई. ताट झाकून ठेवते."

तंबू तिथनं हाकेच्या अंतरावर ठोकला, पाण्याला लागून. चिवडा खाल्ला, निजले. मध्यरात्री हरिओमला जाग आली ती वासानं. भाकरीचा वास. तव्यावरची, खरपूस.

मग आवाज आला. शांत. घरातल्या माणसाला हाक मारावी तसा.

"बाई... ताट झाकून ठेवलंय..."

आवाज घराच्या बाजूनं नव्हता. पाण्याच्या बाजूनं होता.

त्यानं शेजारी चाचपलं. चादर होती. ती नव्हती.

बाहेर आला. काळोख. तळ्यात, पार मधोमध, एक दिवा. पाण्यावर नाही. पाण्याखाली. आणि त्या उजेडाकडं चाललेली विजयश्री. गुडघ्याएवढ्या पाण्यात. मग कमरेएवढ्या.

"विजू..."

ती वळली. भ्यालेली नव्हती. शेजारी हळदीकुंकवाला निघालेल्या बाईसारखी होती.

"म्हातारी खोळंबलीय," म्हणाली. "जेवून येते."

आणि पाणी... डोक्यावरून... मिटलं.

हरिओमला पोहता येत नाही. तरी शिरला. गळ्यापर्यंत गेला. दिवा विझला. मग काहीच नाही. बेडूकसुद्धा नाही.

तो बोंबलत मठाकडं पळाला. माणसं घेऊन परत येईपर्यंत फटफटलं होतं. विजयश्री तंबूच्या तोंडाशी बसली होती. साडी कोरडी. केस कोरडे.

"जेवून येते म्हणलं होतं की," ती म्हणाली. "कामून पळापळ करायलाव?"

अण्णा इथं नेहमी थांबतो. त्या रात्रीही थांबला.

"नवऱ्यालाबी 'येते' म्हणली होती," तो पोरांना म्हणाला. "म्हणून आली. न्हाईतर..."

"अन् ते घर, आप्पा?" सुनीलनं बापाला विचारलं.

घर नव्हतं. पायऱ्या होत्या, पाण्यात उतरत गेलेल्या. मठातल्या लिंगराजअण्णांनी हरिओमला सांगितलं ते असं. धरण झालं तेव्हा जुनं गाव बुडलं. सगळे उठून वरच्या अंगाला गेले, एक म्हातारी उठली नाही. तिचा एकुलता एक पोरगा 'येतो' म्हणून मुंबईला गेलेला. "तो आला तर घर कुठं हुडकंल?" म्हणायची. रोज रात्री त्याचं ताट झाकून ठेवायची. पाणी चढत आलं, तरी ठेवायची.

सून घरी आली, पण जेवेना. ताट वाढलं की बाजूला सारायची. "माझं तिकडं झाकलेलं हाय, आत्याबाई." हुमनाबादचा डॉक्टर झाला, सलाइन झालं. विहीणबाई येऊन रडून गेल्या. पोरीची गालफडं बसली, बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. दिवस मावळला की उंबऱ्यावर बसून उगवतीकडं बघायची, ज्या बाजूला ते तळं. असंच चाललं असतं तर पोरगी हातची गेली असती, हे आंधळ्यालाही दिसत होतं.

एका संध्याकाळी मी तिची हनुवटी धरली.

"खरं सांग. तिथं जेवलीस?"

"व्हय."

"बरं. निघताना म्हातारीला काय म्हणलीस?"

तिनं हनुवटी सोडवून उगवतीकडं बघितलं.

"विजयश्री. काय म्हणलीस?"

तिच्या डोळ्यांतनं धार लागली.

"दुसरं काय म्हणणार, आत्याबाई? भरल्या ताटावरून उठून कुणाला... 'जाते'... कसं म्हणू?"

दुसऱ्या दिवशी अण्णाची ट्रॅक्स जीप काढली. मी, अण्णा, हरिओम आणि ती. घराला कुलूप मी माझ्या हातानं घातलं, किल्ली कमरेला. दुपारीच पोचायचं होतं, पण वाटेत चाक बसलं. पोचलो तेव्हा दिवे लागायची वेळ. तिथं दिवे कुठले...

पायऱ्या होत्या. पाणी होतं. वारा नव्हता.

"म्हण," मी विजयश्रीला म्हणाले. "'जाते' म्हण. एकदाच. सुटशील."

तिनं तोंड उघडलं. आवाज फुटेना. सवाशीण बाई, जन्मात तो शब्द दारात उच्चारलेला नाही. ओठ नुसते हलत होते.

तेवढ्यात वास आला. कांद्याचा... भाकरीचा... पाण्यातनं.

पोरीचा पाय उचलला. हरिओमनं दंड धरला, तर त्यालाही ओढत चालली. हाडं राहिलेली पोर. कुठनं आलं ते बळ...

मला राग आला. भीती नंतर आली, आधी राग. तिला मागं ढकललं आणि मी शेवटच्या पायरीवर उतरले. घोट्यापर्यंत पाणी. बर्फासारखं.

"ए म्हातारे," मी म्हणाले. "तुझं पोरगं आलं न्हाई, वाईट झालं. माझंबी 'येतो' म्हणतंय अन् वर्षानं तोंड दावतंय. आईचं काय होतं ते मला शिकवू नको. पण म्हणून दुसऱ्याची लेक नेतीस? ही येणार न्हाई. हिनं दिलेला शब्द मी घेते. हिच्यावाटचं मी येईन, माझं काम आटपल्यावर. तवर हाक मारायची न्हाई."

क्षणभर काही झालं नाही.

वास थांबला. चुलीत पाणी ओतल्यागत, एकदम.

शांत... इतकं शांत, की अण्णालाच ते सोसलं नाही. तो मागनं मोठ्यानं म्हणाला, "सत्यभामा, चल आता."

पाणी माझ्या घोट्याशी हललं. एकदाच.

मी काही न म्हणता वर आले. 'येते'ही नाही, 'जाते'ही नाही. दात आवळून धरले होते.

परत येताना हुमनाबादच्या नाक्यावर मागच्या सीटवरनं आवाज आला, "आत्याबाई, भूक लागली." केळीवाला गाडी झाकत होता. पोरीनं अर्धा फणा संपवला. हरिओम रडत होता आणि साली गोळा करत होता. आज तिला एक पोरगी आहे, आणि आता विजयश्री नीट जेवते. जरा जास्तच जेवते.

अण्णा गोष्ट इथं सोडतो. "सून वाचली, झोपा आता," म्हणून उठतो. त्या रात्रीही उठला.

सकाळी सुनील आणि त्याचे मित्र पिशव्या घेऊन दारात घुटमळत होते. येतो म्हणंनात, जातो म्हणंनात.

"मग कुठं ऱ्हायचं ठरलं?" मी विचारलं.

"लॉजात, आत्या. भर बाजारात. एसटी स्टँडसमोर."

"शाणे झालाव. अन् म्हणा की 'येतो'. मी हाय तवर हे घर हाय."

तिघं एकदम "येतो" म्हणाले आणि चपला हातात घेऊनच निघाले.

अण्णा जे सांगत नाही ते सांगते. ते कळल्यापासूनच तो नावं घ्यायचा थांबला.

तळ्यावरनं त्या रात्री घरी पोचलो. कुलूप जसंच्या तसं. किल्ली माझ्या कमरेला. आत चूल थंड. चुलीपुढं एक ताट, त्याच्यावर दुसरं पालथं घातलेलं. पितळी. आमच्या घरात पितळेचं एक भांडं नाही, सगळं स्टीलचं.

वरचं काढलं. भाकरी गरम होती.

ती मी परसात पुरली. ताट घासायला घेतलं तर कडेला नाव लागलं. जुन्या भांड्यांवर ठिपके ठोकून कोरतात तसं. दिव्याजवळ धरून वाचलं.

सत्यभामा.

अक्षरं निम्मी झिजलेली होती. रोज राखेनं घासून, वर्षानुवर्षं वापरून झिजतात तशी.