कारणाचा रकाना

औषध फसलं तर राघवला बढती होती. स्पर्धेतल्या, कोंबड्यांच्या अँटिबायोटिक खाद्याचा तो विक्रीप्रमुख. औषध लागू पडलं तर डॉक्टर मृणालला स्वतःची प्रयोगशाळा. स्टोअरकीपर दीनानाथला दोन्हीकडून शून्य. त्याची नोकरी तेवढी या महिन्यात पक्की व्हायची होती. तपासातला मदतनीस श्रीपादने दीनानाथला संशयितांतून उदार मनाने वगळलं. श्रीपादची साहेब, खाजगी तपासनीस वैभवी, नुसतीच हसली.

मानेसरजवळच्या त्या पोल्ट्री फार्मवर मृणालने अंड्याच्या बलकातून काढलेली प्रतिपिंडं पिल्लांच्या गंबोरो रोगावर आजमावली होती. ती पाण्यातून पाजूनही चारशे बारा पिल्लं मेली. नोंदवहीत ‘कारण’ हा रकाना तिने अजून भरला नव्हता. येत्या सोमवारी तिथे ‘औषध निष्फळ’ लिहिलं की प्रयोग बंद.

“लिहून टाक ना यार,” राघव म्हणाला. “पिवळं औषध होतं, पिवळंच पाजलं.”

तुम्हाला रंग कसा माहीत, वैभवीने विचारलं. शेडमध्ये पाजताना पाहिलं; स्टोअरची चावी फक्त दीनानाथकडे असते, तो जरा घाईनेच म्हणाला. श्रीपादने राघवच्या नावाखाली दोन रेघा ओढल्या.

स्टोअर पत्र्याचं, त्यात जूनचा उकाडा. एकच सॉकेट, त्यात फ्रिजची पिन. शेजारी कुलर, टाकीत पाणी. औषधाच्या रिकाम्या बाटल्या दीनानाथने धुऊन ठेवल्या होत्या, स्वतःचा ॲप्रनही. पांढऱ्या ॲप्रनवर लाल शिंतोडे उरलेच होते.

“मुर्गी का खून है, मॅडम. साबुन से भी नहीं गया.”

वैभवीने सगळ्यांना ऑफिसात बसवलं, काळा चहा मागवला आणि त्यातली लिंबाची फोड ॲप्रनवर पिळली.

लाल डाग पिवळा झाला.

“रक्त असं पिवळं होत नाही. साबणाने लाल झालेली हळद होते. घरी कधी कपडे धुतले असतेस, श्रीपाद, तर मला लिंबू लागलं नसतं.” ती दीनानाथकडे वळली. “सॉकेट एक. कुलर चालवायचा तर फ्रिज बंद. औषध नासलं, म्हणून बाटल्यांत हळद-दूध भरलंत. ढवळताना उडालं. बाटल्या धुतल्यात, पण ॲप्रनने सांगितलं.”

दीनानाथने कबूल केलं. पाजण्याआधीच्या शनिवारी फ्रिजची पिन काढली, परत लावायची राहिली. दोन दिवसांनी वास आला, तो हिंदीत पुटपुटला. नोकरी पक्की व्हायला नऊच दिवस उरले होते.

“म्हणजे मी सुटलो,” राघव म्हणाला.

“बिल्कुल. तुम्ही फक्त कारण विचारलं नाहीत.”

बढती लांबली, नोकरी गेली, प्रयोगाला नवी बॅच मिळाली. मृणालने नोंदवही ओढली. मृत : ४१२. शेजारच्या रकान्यात तिने लिहिलं – कुलर.